गिरणीच्या रांगेतला सासरा

१

मंगळवारी सकाळी नऊला रामकिसन तारख वाचनालयाचं कुलूप काढायला आले, तर प्रभावतीबाई बोर्डे पायरीवर बसलेल्या. एरवी बाई चारच्या आत तिकडे फिरकत नसत. शिवाय पायरीवर बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तीस वर्षं शाळेत पोरांना पायरीवरून उठवण्यात गेलेली. काहीतरी बिनसलंय, हे रामकिसन यांनी लांबूनच ओळखलं.

रामकिसन अंबडच्या कोर्टात चौतीस वर्षं बेलिफ होते. समन्स घेऊन दारोदार हिंडायचं, आणि 'मालक घरी न्हाईत' म्हणून कुणी सांगितलं की मालक कुठल्या खोलीत दडून बसलेत ते ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा गावाने त्यांना वाचनालयाचे मानद सचिव केलं. म्हणजे कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं आणि पुस्तक उशिरा आणणाऱ्याला बोलायचं. ते या कामावर भलतेच खूश होते.

आणि प्रभावतीबाई म्हणजे वाचनालयाचं नाक. निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गेली अकरा वर्षं 'दैनिक दुधनातीर'च्या रविवारच्या पुरवणीत 'वाचून झालं' हे सदर लिहिणाऱ्या. कादंबरी असो, आत्मचरित्र असो, कपाशीवरच्या बोंडअळीचं पुस्तक असो की मधुमेह्यांचा स्वयंपाक; बाई सगळ्याला एकाच काट्यावर तोलत. चांगल्याला चांगलं म्हणत आणि वाईटाला दोन ओळींत झोपवत. परीक्षण छापून आलं की पुस्तक वाचनालयाला देऊन टाकत. आजवर साडेपाचशे पुस्तकं त्यांनी अशी दिली होती.

बाईंनी मोबाइल पुढे केला. "वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

पुरवणीची संपादक मोनाली हिने पाठवलेलं पत्र होतं. लिहिणारे होते कादंबरीकार कल्याण उढाण. त्यांच्या 'गिरणीचा पट्टा' या कादंबरीचं बाईंनी केलेलं परीक्षण परवाच्याच रविवारी आलं होतं. रामकिसन मोठ्याने वाचू लागले.

"'बाईंनी माझ्या कादंबरीचं कौतुक केलं, आभारी आहे. पण ज्या प्रसंगाला त्या कादंबरीचा जीव म्हणतात, तो प्रसंग मी लिहिलेलाच नाही. माझ्या कादंबरीत सासरा गिरणीत पाऊल टाकत नाही. तो रुसून मोठ्या मुलाकडे पुण्याला निघून जातो. बाईंनी नेमकं कोणतं पुस्तक वाचलं?'"

खाली मोनालीची ओळ होती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत खुलासा आला नाही, तर रविवारी दिलगिरी छापावी लागेल आणि सदर थांबवावं लागेल.

"अकरा वर्षांत माझ्यावर खूप लोक रागावले," बाई म्हणाल्या. "पण न वाचता लिहिलं, असं आजपर्यंत कुणी म्हणालं न्हाई. प्रसंग पुस्तकात आहे, रामकिसनराव. चांगला पंधरा-सोळा पानांचा आहे."

"मंग भांडायचं कशाला? पुस्तक हितंच आहे. काढतो की."

पुस्तक कालच बाईंची सून आणून देऊन गेली होती आणि अजून कुणी नेलं नव्हतं. रामकिसन टेबलापाशी बसून पान पान उलटू लागले. सासरा दिसला, सून दिसली, गिरणीवरून दोघांचं वाजलेलं दिसलं. एकशेबारावं पान आलं. त्यांनी ते उलटलं, चष्मा वर केला, परत खाली घेतला.

एकशेबारानंतरचं पान सत्त्याण्णव होतं.

२

छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात. एका गठ्ठ्याला फॉर्मा म्हणतात. बांधणाऱ्याचं ध्यान चुकलं की एक फॉर्मा दोनदा लागतो आणि दुसरा राहून जातो. या प्रतीत सत्त्याण्णव ते एकशेबारा ही पानं दोन वेळा होती आणि एकशेतेरा ते एकशेअठ्ठावीस ही पानं नव्हतीच. पुढे थेट एकशेएकोणतीस, आणि तिथे सासरा परत घरी आलेला.

"म्हणजे तो पुण्याला गेला ती पानं ह्या पुस्तकात नव्हतीच," रामकिसन म्हणाले. "तुम्हाला ते ठाऊक नसणं बराबर आहे. पण बाई, रांगेतला सासरा तरी कुठंय? तोही ह्याच्यात न्हाई."

बाईंनी हात पुढे करून पुस्तक घेतलं. पान उघडून बघितलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं. मग त्या जे बोलल्या ते ऐकून रामकिसन चकित झाले.

"मोनालीला कळवून टाका. चूक माझी आहे. दिलगिरी छापा म्हणावं."

"आं? आत्ता तं तुम्ही भांडायला निघाल्या होत्या."

"आत्ता न्हाई," बाई म्हणाल्या आणि उठून चालू लागल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी एकेक पायरी पायाने चाचपली.

रामकिसन यांनी मोनालीला काही कळवलं नाही. कोर्टात त्यांनी अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. घटकाभरापूर्वी तावातावाने भांडणारा माणूस एकाएकी गुन्हा कबूल करतो, तेव्हा त्याला दुसऱ्या कुणाला तरी वाचवायचं असतं. त्यांनी कपाटातून जाड वही काढली. 'वाचून झालं'चं प्रत्येक कात्रण त्या वहीत चिकटवायचं, हा त्यांनीच घालून घेतलेला नेम होता.

आधी त्यांनी रविवारचं परीक्षण परत वाचलं. बाईंनी तो प्रसंग असा सांगितला होता. विधवा सून गिरणी चालवते म्हणून तिच्याशी बोलणं टाकलेला सासरा एक दिवस ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत येतो आणि इतर गिऱ्हाइकांसारखा रांगेत उभा राहतो. तेवढ्यात कुणाचीतरी हरभऱ्याची डाळ दळून होते. दगडांत बेसन उरलेलं असतं आणि पुढच्या दळणात ते उतरणार, म्हणून बाया 'आधी तुमचं घाला' करत अडून बसतात. सून कावरीबावरी होते. म्हातारा शेवटून पुढे येतो, काही न बोलता आपला डबा सरकवतो, आणि बेसन मिसळलेलं पीठ घेऊन घरी जातो. 'माफीचा एक शब्द न वापरता लिहिलेली अशी माफी मी अकरा वर्षांत वाचली नाही,' असं बाईंनी लिहिलं होतं.

रामकिसन यांना ते परवाही आवडलं होतं, आजही आवडलं. मग त्यांनी वही मागे चाळायला घेतली.

बाईंची एक खोड सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. परीक्षणाच्या शेवटी त्या छपाईच्या चुका मोजून सांगत. 'एकूण चुका एकवीस.' प्रकाशक त्या ओळीला बाकी परीक्षणापेक्षा जास्त घाबरत. वही चाळता चाळता रामकिसन यांच्या ध्यानात आलं की दिवाळीपासून ती ओळ एकदाही आलेली नाही. जानेवारीत बाईंनी जुन्या बारवांवरच्या एका पुस्तकावर लिहिलं होतं. त्या पुस्तकात सत्तर फोटो होते, चौदा नकाशे होते. रामकिसन यांनी ते स्वतः चाळलं होतं. बाईंनी एकाही फोटोचं नाव काढलं नव्हतं.

त्यांना पायरी चाचपणारा पाय आठवला. आणि 'वाचून दाखवा' म्हणून पुढे केलेला मोबाइल.

दिवाळीपासून बाई वाचत नव्हत्या. त्यांना कुणीतरी वाचून दाखवत होतं. आणि त्या कुणीतरी पुस्तकात नसलेली सोळा पानं वाचून दाखवली होती.

३

बुधवारी सकाळी रामकिसन बोर्ड्यांच्या घरी गेले. ज्या कामासाठी आलो ते आधी विचारायचं नाही, आधी पाणी मागायचं, हा त्यांचा जुना नियम. पाणी आणायला माणूस आत गेला की घर बघायला मिळतं, आणि पाणी देताना माणूस बोलायला लागतो.

पाणी बेबीनंदाने आणलं. ही शेजारची, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. सातवीत शाळा सुटलेली. आता ती बाईंच्याकडे सकाळी स्वयंपाकाला येत होती.

"बाई कुठं गेल्या?"

"पडल्यात आत. कालपून जेवल्या न्हाईत बराबर."

"मंग तू काही वाचून दाखव की त्यान्ला. बरं वाटंल."

बेबीनंदाने चटकन आत बघितलं. "तुमाला कोणी सांगितलं? बाईंनी शपथ घातली होती, कोणाला सांगू नको म्हणून." ती खालच्या आवाजात म्हणाली, "डोळ्याच्या मधोमध काळं दिसून राह्यलं त्यान्ला. कडंचं दिसतं, अक्षर दिसत न्हाई. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आता हेच्यापुढं सुधरायचं न्हाई."

रामकिसन यांना वाईट वाटलं. एवढ्या वर्षांच्या ओळखीत आपल्याला हे आधीच दिसायला हवं होतं, असंही वाटलं. पण ते तसंच पुढे बोलले. "तो गिरणीवाला सासरा तूच वाचला का?"

"न्हाई. म्या सुरुवातीचं वाचलं. आमी तिघं वाचतो, ज्याला वेळ आसंल त्यानं. ज्योत्स्नाताई, बुद्धभूषणदादा आन म्या."

"गिरणीत दळण टाकायला तू जाती का?"

"माझं मी नेते. हितं तं घरघंटी आहे."

रामकिसन यांनी मान हलवली. बेसनानंतर कुणाचं दळण घालायचं याची कुरकुर रांगेत उभं राहिलेल्यालाच ठाऊक असते. घरघंटीवाल्या घरात ते कुणाला कळणार? त्यांनी पिशवीतून 'गिरणीचा पट्टा' काढून तिच्यापुढे धरलं. "जरा वाच बरं. कसं वाचती बघू."

बेबीनंदाने हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "गिरणीचा पट्टा. कादंबरी. पहिली आवृत्ती. सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन. मुद्रणस्थळ..." छापखान्याचा पत्ता, फोन नंबर, पिनकोडातला एकेक आकडा, सगळं तिने मनापासून वाचलं. "बाई म्हणतात, पत्ता सोड. पण म्या न्हाई सोडत. लिवलंय तं वाचायचं. बोट उचललं की मला ओळ सापडत न्हाई."

रामकिसन मनापासून हसले. ही बेबीनंदा एकशेबाराव्या पानानंतर परत सत्त्याण्णव आलं असतं तर पुन्हा सत्त्याण्णवपासून एकशेबारापर्यंत इमानाने वाचत गेली असती. बोटाखाली अक्षर नसताना एक शब्द तिच्या तोंडून निघाला नसता.

एवढ्यात फाटक वाजलं. शाळेची मधली सुट्टी झाली होती आणि तिथे शिकवणारी सून ज्योत्स्ना घरी आली होती. तिने बेबीनंदाच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

४

"काका, ते पुस्तक मी स्वतः वाचनालयात आणून दिलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "परत का आणलंत? काही खराब झालं का?"

"तूच बघ."

तिने रामकिसन यांनी खूण घातलेलं पान उघडलं. मागे गेली, पुढे आली. मग तिचा जो संताप झाला, तो खोटा असणं शक्यच नव्हतं. प्रकाशकाचा फोन नंबर शोधायला तिने लगेच पहिलं पान काढलं.

"बाईंना असं पुस्तक पाठवतात म्हणजे काय? मागच्या वर्षी शाळेत भूगोलाच्या एका पुस्तकात एक पान उलटं निघालं, तर मी अख्खा गठ्ठा परत पाठवला होता. हे मला कळलं असतं तर त्याच संध्याकाळी फोन केला असता."

"तू कुठपर्यंत वाचलं होतं?"

"साधारण शंभर पानांपर्यंत बेबीनंदा आणि मी. नंतर माझ्या परीक्षा लागल्या. पुढचं..." ती थांबली. आतल्या खोलीचं दार उघडलं होतं आणि प्रभावतीबाई चौकटीत उभ्या होत्या.

"ज्योत्स्ना, तुझी सुट्टी संपत आली," बाई म्हणाल्या. "रामकिसनराव, तुम्ही समन्स घेऊन आलात का?"

"न्हाई बाई. पाणी प्यायला आल्तो."

"पाणी झालं असेल तर जा. मी सांगितलं ते मोनालीला कळवलंत का?"

"न्हाई कळवलं."

"मग मीच कळवते. नाव माझं छापून आलंय. दुसऱ्या कुणाचं नाव त्यात यायची गरज न्हाई."

बाईंचा आवाज रामकिसन यांना ठाऊक होता. त्या रागावल्या की आवाज चढायचा. आज तो चढला नव्हता. त्यांना कुठेतरी फार लागलं होतं, आणि नुसती दिलगिरी छापून येण्याने इतकं लागत नाही.

रामकिसन बाहेर आले आणि स्टँडकडे चालू लागले. बाईंचा मुलगा बुद्धभूषण याचं मोटार वाइंडिंगचं दुकान तिथेच होतं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून द्यायची, हा त्याचा धंदा. पन्नाशीला आलेला माणूस; गिऱ्हाइकाने दहा वाक्यं बोलावीत तेव्हा हा एक बोलणार. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, "वडीगोद्रीला गेल्ते सकाळीच. मोटार बसवायला."

"कुणाच्या विहिरीवर?"

"विहीर न्हाई. गिरणी."

५

वडीगोद्रीची गिरणी हायवेच्या कडेलाच होती. रामकिसन बसमधून उतरले तेव्हा मोटार बसवून झाली होती आणि गिरणी सुरू होती. बुद्धभूषण मात्र निघाला नव्हता. नवी तार भरलेली मोटार तापते का, हे बघायला तो तासभर तिथेच बसायचा, असं गिरणीवाल्याने सांगितलं. एका पालथ्या डब्यावर, रांगेतल्या बायकांच्या शेजारी, तो मांडीवर हात ठेवून बसला होता आणि त्यांचं बोलणं ऐकत होता.

रांगेत चतुराबाई नावाची एक म्हातारी फणकारली. "माझं न्हाई घालायचं आत्ता. डाळ दळली त्यान्ची. माझ्या गव्हात बेसन नको."

"मंग काय माझ्या ज्वारीत घालू का?" दुसरी म्हणाली.

बुद्धभूषणच्या चेहऱ्यावर हसू आलं. तेवढ्यात त्याला दारातले रामकिसन दिसले आणि ते हसू मावळलं.

रामकिसन यांनी गिरणीवाल्याकडे पाणी मागितलं. पितापिता ते बुद्धभूषणशेजारी बसले. विचारायचं होतं ते विचारलंच नाही. मोटारीचं विचारलं, तारेचं विचारलं. बुद्धभूषणने एकेका शब्दात उत्तरं दिली. बराच वेळ गेल्यावर तोच म्हणाला, "काका, एकदा छापून आलेलं मागं घेता येतं का?"

"दिलगिरी छापतात. उद्या संध्याकाळी ठरवणार आहेत. तुझी आई म्हणती, छापा."

"तिनं माझं नाव..."

"कुणाचंच नाव घेत न्हाई ती."

बुद्धभूषण उठला, मोटारीवर तळहात ठेवून बघितला आणि पाठ फिरवून अवजारं गोळा करू लागला. रामकिसन यांनी त्याला जाऊ दिलं. कोणी वाचलं ते आता नक्की झालं होतं. का वाचलं, ते कळायचं होतं, आणि त्यावरच सगळं अवलंबून होतं.

परतीच्या बसची वाट बघताना त्यांनी मोनालीला फोन लावला. दिलगिरीची घाई करू नको, एवढंच सांगायचं होतं. पण मोनालीच आधी बोलली.

"काका, एक विचारू का? बाईंच्या घरी काही भानगड आहे का? गेल्या शनिवारी दुपारी मला एक फोन आला होता. पुरुषाचा आवाज. नाव सांगितलं न्हाई. म्हणाला, बाईंच्या परीक्षणातला तिसरा परिच्छेद काढून टाका. मी विचारलं, का? तर म्हणाला, तो काढला तरी परीक्षण उभं राहतं. मी म्हटलं, पान छापायला गेलंय. तर त्यानं फोनच ठेवून दिला. मागं मोठ्यानं काहीतरी फिरल्याचा आवाज येत होता, मला नीट ऐकूही येईना. मला वाटलं, दुसरा कुणी लेखक जळतोय."

"तिसऱ्या परिच्छेदात काय होतं?"

"तोच की. रांगेतला सासरा."

रामकिसन यांनी फोन खिशात टाकला. बस आली, तरी चढायचं त्यांना भान राहिलं नाही. कंडक्टरने हटकलं तेव्हा चढले.

६

गुरुवारी दुपारी ते परत बोर्ड्यांच्या घरी गेले. या खेपेला त्यांनी पाणी मागितलं नाही.

"बाई, बेबीनंदा पुस्तकात न्हाई ते वाचू शकत न्हाई," ते म्हणाले. "ज्योत्स्नाला पान कमी दिसलं असतं तर तिनं त्याच दिवशी रान उठवलं असतं. राहिला बुद्धभूषण. गिरण्यांत तासन्‌तास बसतो, बायांचं भांडण ऐकतो. तो सासरा त्याचाच. आन हे तुम्हाला मंगळवारीच कळलं, फॉर्मा न्हाई म्हटलं त्या मिनिटाला. म्हणून तुम्ही चूक कबूल केली."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते रामकिसन यांना माहीत नव्हतं.

"तो वीस वर्षांचा असताना त्यानं एक गोष्ट लिहिली होती. मला दाखवायला आणली. मी लाल पेन घेतलं, रामकिसनराव. शाळेतले पेपर तपासत बसले होते, त्यातच ती तपासली. दहापैकी चार दिले. खाली शेरा लिहिला, कल्पनाशक्ती कमी. त्यानं वही उचलली, आणि परत कधी कागदाला पेन लावलं न्हाई." त्यांनी डोळे मिटले. "तीस वर्षं तो गप्प होता. आता आईचे डोळे गेले, आता तिला काहीही वाचून दाखवता येतं. मनाचं रचून सांगितलं आणि मला सगळ्या जिल्ह्यासमोर खोटं पाडलं. हिशेब चुकता झाला. मी त्याचं नाव घेणार न्हाई. तेवढं मी त्याचं देणं लागते."

"शनिवारी दुपारी त्यानं मोनालीला फोन केला होता," रामकिसन म्हणाले. "तो परिच्छेद काढा म्हणून. वर्मावर घाव घालायला निघालेला माणूस घाव बसायच्या आधी धावत येऊन हात धरतो का?"

बाईंनी डोळे उघडले. "कोणी सांगितलं?"

"मोनालीनं. नाव ठाऊक न्हाई तिला. मागं गिरणी चालली होती, तेवढं ऐकू आलं तिला."

दारात कुणीतरी उभं होतं. बुद्धभूषण दुकान बंद करून आला होता. हाताला अजून वार्निशचा वास येत होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"त्या दिवशी जालन्याहून आलो होतो आपण," तो म्हणाला. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा थांबत थांबत बोलत होता. "डॉक्टरनं सांगितलं, आता असंच राहणार. रस्ताभर तू बोलली न्हाईस. घरी आल्यावर म्हणालीस, पुस्तक काढ. आणि वाचता वाचता म्हणालीस, आता बघ, तो म्हातारा गिरणीत येणार. येतोच बघ. मी पान उलटलं तर मागचंच पान परत आलेलं. तुला काय सांगू? आज पानंसुद्धा न्हाईत म्हणून? तू वाट बघून राह्यली होतीस. म्हणून मी त्याला आणला."

बुद्धभूषण आत येऊन खुर्चीवर टेकला.

"मला वाटलं, विसरशील. शनिवारी दुपारी ज्योत्स्नानं फोनवर सहज सांगितलं, आईनं त्याच प्रसंगावर अख्खा तिसरा परिच्छेद तिच्याकडून लिहून घेतला म्हणून. तवा मी हादरलो. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई. मोनालीला फोन केला, तं पान गेलेलं."

प्रभावतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. चौतीस वर्षांत रामकिसन यांनी दारोदार वाईट बातम्याच नेल्या होत्या; ही पहिली चांगली.

"रामकिसनराव, लिहून घ्या," बाई जरा वेळाने म्हणाल्या. आवाज आता चढला होता, म्हणजे ठीक होता. रामकिसन यांनी कागद घेतला.

"'मोनाली, दिवाळीपासून मला अक्षर दिसत नाही. पुस्तकं मला वाचून दाखवतात. हे मी तुझ्यापासून आणि वाचकांपासून लपवलं, ती माझी चूक, आणि तिची दिलगिरी जरूर छाप. मला मिळालेल्या प्रतीत सोळा पानं नव्हती. त्या जागी मी जो प्रसंग ऐकला, तो माझा मुलगा बुद्धभूषण याने तिथल्या तिथे रचला. उढाण यांची मी माफी मागते. त्यांची खरी सोळा पानं ऐकून त्यांच्यावर नव्याने लिहीन. पण त्या प्रसंगाबद्दल मी जे मत दिलं, ते तो कुणाचा आहे हे माहीत नसताना दिलं. आता माहीत आहे. मत तेच आहे.'"

कागदाचा फोटो रामकिसन यांनी तिथूनच मोनालीला पाठवला. तिचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. पत्र रविवारी जसंच्या तसं छापणार होती. सदर चालू राहणार होतं. फक्त यापुढे बाईंच्या नावाखाली वाचून दाखवणाऱ्याचंही नाव टाकायचं, अशी तिची अट होती. आणि उढाणांचा आत्ताच फोन होऊन गेला होता. आधी ते चिडले होते, मग पत्रातला मजकूर ऐकला, आणि शेवटी म्हणाले होते की त्या मोटारवाल्याला एकदा भेटायचंय.

"मोटारवाला म्हणे," बाई पुटपुटल्या, पण खुशीत. बेबीनंदाने सगळ्यांना चहा आणला. ज्योत्स्ना शाळेतून आली, तिला सगळं परत सांगावं लागलं, आणि ती प्रकाशकाला फोन करायला उठली ती कुणाचं ऐकेना.

रामकिसन निघायला उठले. वाचनालय दुपारपासून बंद होतं आणि चारची मंडळी दारात उभी असणार होती. चपला घालताना त्यांना आतून बाईंचा आवाज आला.

"पीठ घेऊन तो घरी गेला. मग?"

"मंग काय," बुद्धभूषण म्हणाला. "गेला. तिथं संपलं."

"संपलं कसं? बेसन मिसळलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी नीट थापली जात न्हाई. कुणी केली ती?"

मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"त्यानं सोता केली," बुद्धभूषण म्हणाला. "चुलीपाशी बसला, आन पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली."

रामकिसन यांनी घातलेल्या चपला काढल्या आणि ते दाराशी खाली बसले.